नाव नाही तर हक्कही नाही: सेशन गिटारवादकाचा हिशेब

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. २०१२च्या दुरुस्तीत त्यातल्या ‘परफॉर्मर’च्या व्याख्येला एक परंतुक जोडलं गेलं. चित्रपटात ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसकट कुठेच दिलं जात नाही, त्याला परफॉर्मर मानायचं नाही. त्याच्या वाट्याला एकच गोष्ट उरते: सादरीकरणाची मोडतोड करून कुणी त्याची बदनामी केली, तर दाद मागता येते.

हे वाचताना डोळ्यांसमोर गर्दीतले ज्युनियर आर्टिस्ट येतात. पण मुंबईत सेशन वादकाचं, म्हणजे रेकॉर्डिंगपुरतं बोलावलेल्या वादकाचं, नाव न देणं हीच तर इतकी वर्षं धंद्याची रीत आहे. मग ज्याच्या गिटारवर गाण्याचा मुखडा उभा आहे तो ‘किरकोळ’ कसा, हे सिद्ध करायची वेळ आली की निर्माता रीतीकडे बोट दाखवणार. आपण परफॉर्मर आहोत म्हणून नाव मागायचा हक्क कलम ३८-बी देतं. पण नाव नसेल तर परफॉर्मर असण्यावरच शंका. नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव मागायचं कुठल्या तोंडाने?

श्रेयनामावलीत वादकाचं नाव घालणं हा मोठेपणाचा, सौजन्याचा विषय आहे असं आपल्याकडे समजलं जातं. पुरस्कार सोहळ्यात संगीतकार स्टेजवरून ‘माझे सगळे म्युझिशियन्स’ म्हणतो, टाळ्या पडतात, विषय संपतो. माझं म्हणणं असं की नाव ही कायदेशीर नोंद आहे. ती सक्तीची केली पाहिजे, आणि ती सक्ती सुरू करायला महाराष्ट्र सरकारच्या हातात आज साधनही आहे.

जॅझ आणि ब्लूज वाजवणाऱ्या गिटारवादकाचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण त्याच्या बाबतीत अन्याय सर्वांत उघडा दिसतो. व्हायोलिनच्या सेक्शनमधल्या वादकासमोर अरेंजरने, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्याने, लिहिलेलं नोटेशन असतं. त्याने ते सुरेल, तालात आणि बाकीच्यांशी जुळवून वाजवायचं. कौशल्य मोठं, पण सुरावट दुसऱ्याची. जॅझ-ब्लूजच्या गिटारवादकासमोर बहुतेक वेळा एक पानी चार्ट येतो. त्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, नावं, प्रत्येक मात्रेला एक तिरकी रेघ, आणि मध्येच शेरा: ‘१६ बार सोलो, ब्लूज फील’. त्या सोळा बारांत, म्हणजे ठरावीक मात्रांच्या सोळा गटांत, काय वाजवायचं हे कुणीच लिहिलेलं नसतं. त्याला बोलावलेलंच असतं ते लिहिण्यासाठी, आणि तो लिहितो बोटांनी. १९९४च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा संगीतकृती कागदावर लिहिलेली असण्याची अटही घालत नाही. तरीही त्या सोळा बारांचा कर्ता कोण, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: संगीतकार.

ही सवय आजची नाही. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे आफ्रिकी-अमेरिकन जॅझवाले वाजवत होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून गोव्याकडचे वादक तयार झाले. चर्चच्या शाळांत ते नोटेशन वाचायला शिकलेले होते. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतल्या बँडचं काम आटलं आणि हीच मंडळी मोठ्या संख्येने फिल्मी रेकॉर्डिंगकडे वळली. दिवसा ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा महालक्ष्मीचं फेमस हे स्टुडिओ, रात्री चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत जॅझ. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला स्विंग चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादकांशिवाय उभा राहिला नसता. शंकर-जयकिशन यांच्या भरगच्च वाद्यमेळामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. गिटारपुरतं बोलायचं तर हजारा सिंग, व्हॅन शिप्ली आणि पुढच्या पिढीत भूपिंदर सिंग. भूपिंदर यांचा आवाज घराघरांत ओळखला जातो, पण आर. डी. बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत गिटार त्यांची आहे, हे ती गाणी पाठ असणाऱ्यांनाही माहीत नसतं. यातली बरीच नावं आज आपल्याला कळतात ती संशोधकांनी म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या म्हणून. रेकॉर्डच्या वेष्टनावर चित्रपट, संगीतकार, गीतकार, गायक एवढंच.

अमेरिकेतही वेगळं नव्हतं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने १९७१पर्यंत आपल्या वादकांची नावं छापलीच नाहीत. पण तिथे वादकांची संघटना वाटाघाटीला बसली, आणि आज डिजिटल रेडिओसारख्या सेवांकडून येणाऱ्या रॉयल्टीपैकी ५ टक्के रक्कम मुख्य कलाकार सोडून बाकीच्या वादक-गायकांसाठी कायद्यानेच बाजूला काढली जाते. पाच टक्के म्हणजे फार नाही. पण ते वाटायचे तर कोणत्या ध्वनिमुद्रणात कोण वाजलं याची यादी ठेवावी लागते, आणि माझ्या मते खरी कमाई ती यादी आहे.

आता सेशनमध्ये नेमकं काय घडतं ते जरा जवळून पाहू, कारण ‘अर्धा तास वाजवलं, पैसे घेतले, गेला’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी ते बहुधा पाहिलेलं नसतं.

फोन येतो: एक गाणं आहे, ब्लूज फील, उद्या संध्याकाळी, अंधेरीत. जाणता वादक आधी चार गोष्टी विचारतो. स्केल कोणता आणि गायकाने तो पक्का केला आहे का? टेम्पो किती? ड्रम खरे की प्रोग्राम केलेले? पियानो किंवा कीबोर्ड आधीच भरलेला आहे का? पहिल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ब्लूज गिटारचा बराचसा रंग मोकळ्या तारांत असतो, म्हणून पांढरी तीन म्हणजे ई हा गिटारचा लाडका स्केल. गिटार भरून होते आणि दोन दिवसांनी गायकाला वरचा स्वर झेपत नाही म्हणून गाणं काळी दोनवर, म्हणजे ई फ्लॅटवर उतरतं. सॉफ्टवेअरने गिटार अर्धा स्वर खाली ओढली की तारेचा टणत्कार मऊ पडतो, खेचलेला स्वर रबरासारखा लागतो. उपाय एकच, परत वाजवणे. म्हणून अनुभवी माणूस दुसरी गिटार अर्धा स्वर उतरवूनच आणतो, आणि तिच्यावर १०-४६च्या जागी ११-४९ जाडीच्या तारा चढवतो. सूर उतरवूनही ताण पुरेसा राहतो, बोटाखाली तार लोळत नाही. या दुसऱ्या गिटारचे, तिच्या सेटिंगचे आणि परतफेरीचे पैसे मानधनात कुणी धरत नाही.

पियानो आधीच भरलेला असेल तर जॅझ गिटारवादकाचं निम्मं काम न वाजवण्याचं. खालच्या जाड तारा सोडून द्यायच्या, कॉर्डचा मूळ स्वर बेसवाल्याकडे राहू द्यायचा, आणि डी व जी या मधल्या दोन तारांवर फक्त कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर धरायचा. डी मायनर सेव्हन असेल तर एफ आणि सी. पुढे जी सेव्हन आला की एफ जागच्या जागी, आणि सी फक्त अर्धा स्वर खाली बी वर. एक बोट एक घर सरकलं आणि कॉर्ड बदलली. नवशिका सहाही तारा छेडतो, पियानोच्या डाव्या हाताशी त्याची मारामारी होते आणि मिक्सिंग करणारा अख्खी गिटार खाली ओढतो. जाणत्याची गिटार शेवटच्या मिक्समध्ये ऐकू येते, कारण तिने जागा अडवलेली नसते. ही निवड कुठल्या चार्टवर लिहिलेली असते?

मग सोलो. ब्लूजचा बारा बारांचा आराखडा साधा आहे: चार बार पहिल्या कॉर्डवर, दोन चौथीवर, दोन परत पहिलीवर, मग एकेक बार पाचवी आणि चौथी, आणि शेवटचे दोन घरी, म्हणजे परत पहिलीवर. अवघड आहे ते गंधाराचं. कोमल गंधार खेचून शुद्ध गंधाराच्या दिशेने न्यायचा आणि मध्येच, श्रुतीभर आधी, थांबवायचा. कानडा ऐकत वाढलेल्या कानाला हे लगेच समजतं. संगणकाला समजत नाही. एडिटरने पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप सुधारणारी सोय, चालू ठेवलं तर तो स्वर एका बाजूला ढकलला जातो आणि सोलोचा जीव जातो. तालाचंही तेच. मिनिटाला १२० मात्रांच्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. स्विंगमध्ये तिचे साधारण ३३३ आणि १६७ असे दोन असमान तुकडे पडतात. एडिटरने सवयीने सगळं मात्रेचे चार समान भाग पाडणाऱ्या ग्रिडवर चिकटवलं की ३३३वरचा ठोका ३७५वर जाऊन बसतो. लंगडत चालणारं स्विंग कवायत करू लागतं, आणि संगीतकाराचा फोन येतो: ‘फील आला नाही रे, परत वाजव.’ वाजवताना फील होता, कापताना गेला. म्हणून फाइली देताना ‘क्वांटाइझ करू नये’, म्हणजे ग्रिडला चिकटवू नये, असा शेरा लिहून द्यावा, आणि गिटारचा कोरा, म्हणजे अँपमधून न गेलेला, सिग्नल व अँपचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारे असे द्यावेत. एक कोरी प्रत आपल्याकडे ठेवावी. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

मुंबईची म्हणून दोन दुखणी वेगळीच. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर जाते, अकूस्टिक गिटारचं वरचं लाकूड फुगतं, तारा उंच होतात, आणि एसी स्टुडिओत तासाभरात सगळं परत सुकून सूर सरकतो. लाकडाला पन्नासच्या आसपासची आर्द्रता मानवते; पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक ठेवण्याला पर्याय नाही. दुसरं दुखणं अर्थिंगचं. जुन्या इमारतीतल्या बेडरूम स्टुडिओत सिंगल कॉइल पिकअपची गिटार लावली की ५० हर्ट्झची घरघर सुरू. लॅपटॉपचा चार्जर काढायचा, एलईडीचा डिमर बंद करायचा, तरीही राहिली तर खुर्ची हळूहळू फिरवून घरघर सर्वांत कमी कुठे होते ती दिशा पकडायची आणि तशीच मान वाकडी ठेवून अख्खं गाणं वाजवायचं. फेसबुकवरच्या स्टुडिओच्या फोटोत हे येत नाही.

एवढं केल्यावर हाती काय? फिल्म सेंटरच्या काळात शिफ्ट होती. सिने म्युझिशियन्स असोसिएशनने वादकांच्या श्रेणी ठरवलेल्या, श्रेणीप्रमाणे दर, वेळ उलटली तर जादा पैसे. त्या व्यवस्थेत गटबाजी होती, नव्या मुलाला आत शिरणं कठीण होतं. तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण निदान कोण किती वाजता आला याची नोंद होती. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करायची सोय, आणि मग संगणक आल्यावर शंभर जणांचा वाद्यवृंद एकत्र बसवायची गरज संपली, तारवाद्यांचे सेक्शन सॅम्पलमध्ये, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या तयार आवाजांत, गेले. गिटार त्यातल्या त्यात तगली, कारण खेचलेला स्वर, घासलेली तार, तळहाताने दाबलेला ठोका हे कीबोर्डवरून पटण्याजोगं करणं अवघड. काम तगलं, पण ते फोनवर आणि व्हॉट्सॲपवर गेलं. गाण्यामागे ठोक रक्कम, कधी रोख, आणि ‘एक छोटं करेक्शन’ पाच वेळा.

रोखीचं दुखणं सांगायलाच हवं, कारण त्यात वादकांचाही हात आहे. टीडीएसचे १० टक्के कापले जाऊ नयेत म्हणून पाकीट घेणारा वादक स्वतःच स्वतःची नोंद पुसतो. जादा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो; नसलेलं उत्पन्न बँकेला दाखवता येत नाही. पन्नाशीत घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर हजार गाण्यांत वाजवलेल्या माणसाकडे ना श्रेयनामावली, ना बिल, ना करार.

आता दुसऱ्या बाजूचं. निर्माते विचारतात, चाळीस वादकांत रॉयल्टी वाटली तर प्रत्येकाला चहाचे पैसे तरी मिळतील का? प्रश्न रास्त आहे. बहुतेक गाण्यांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असंच येईल. पण गाजलेलं एक गाणं पन्नास वर्षं वाजतं, आणि परफॉर्मरचा हक्क कायद्याने तितकीच, म्हणजे ५० वर्षं टिकतो. चित्रपटात आपलं वादन वापरायला लेखी संमती दिली तरी व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क शाबूत राहतो, असं कलम ३८-ए स्वच्छ सांगतं. गायकांनी या तरतुदीचा पाठपुरावा केला, २०१३ साली इस्रा ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था नोंदवली. पुढे तिच्या नावात वादकही आले आणि ती इसाम्रा झाली. म्हणजे पैसे गोळा करायला घर आहे. पण या घरात शिरताना वादकाने दाखवायचं काय? गायकाचा आवाज ओळखू येतो, नाव मुखपृष्ठावर असतं. ताल धरणाऱ्या गिटारवाल्याने ‘हा मीच’ म्हणून सांगायला कागद कुठला?

दुसरा आक्षेप संगीतकारांचा: मग उद्या प्रत्येक जण म्हणेल, चाल माझी. इथे मी वादकांच्या बाजूने सरसकट उभा राहणार नाही. दिलेल्या कॉर्डवर चार बार स्ट्रमिंग करणं ही रचना नव्हे, आणि ती आहे असं म्हणणाऱ्याने आपलंच प्रकरण कमकुवत करू नये. पण ज्या तुकड्यावरून गाणं पहिल्या दोन सेकंदांत ओळखलं जातं, तो तुकडा वादकाने सिटिंगमध्ये, म्हणजे चाल बसवण्याच्या बैठकीत, सुचवला असेल, तर वाटा किती हे त्याच दिवशी बोलून कागदावर यायला हवं. गाणं गाजल्यावर बोलणी केली की भांडणच होतं.

आता सरकारच्या हातातलं ते साधन. मराठी चित्रपटांना राज्य सरकार अ आणि ब असा दर्जा ठरवून अनुदान देतं. अनुदानाच्या अर्जाबरोबर निर्माता ढीगभर कागद जोडतोच. त्यात आणखी एक पान घाला: प्रत्येक गाण्यात आणि पार्श्वसंगीतात कोण, कोणतं वाद्य, कुठे आणि कधी वाजलं, त्याची सही, आणि हीच नावं पडद्यावर आहेत याचं प्रमाणपत्र. दिल्लीत कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही, नवा पैसा लागत नाही. परंतुकातली ‘धंद्याची रीत’ मोडायची असेल तर नवी रीत पाडावी लागेल, आणि अनुदान घेणाऱ्यांपासून सुरुवात करणं सर्वांत सोपं. मराठी चित्रपटांत वाजवणारे आणि हिंदीत, वेब मालिकांत, जाहिरातींत वाजवणारे हात बहुतांशी तेच आहेत. एका ठिकाणी यादीची सवय लागली की दुसऱ्या ठिकाणी ‘आमच्याकडे पद्धत नाही’ म्हणणं जड जाईल.

कंपन्यांनाही हे जमण्यासारखं आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतोच. गाणं स्ट्रीमिंगवर चढवताना माहिती भरायच्या रकान्यांत वादकाचं नाव आणि वाद्य यांची सोय आहे. आपल्याकडे ते रकाने कोरे सोडले जातात, कारण भरणाऱ्या मुलाला नावं कुणी दिलेलीच नसतात.

आणि वादकांनी काय करायचं? नाव मागितलं तर पुढचा फोन येणार नाही ही भीती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. एकट्याने मागणं अवघड म्हणून छापील पान हवं, जे सगळेच देतात. मग ते उद्धटपणाचं न वाटता कामकाजाचं वाटतं. गाण्याचं तात्पुरतं नाव, तारीख, जागा, वाद्य, कोणत्या बारपासून कोणत्या बारपर्यंत, लिहिलेलं की स्वतः रचलेलं, मानधन, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, श्रेयनामावलीत नाव कसं छापायचं. सहीआधी फक्त एमपी३ नमुना पाठवायचा. पूर्ण दर्जाच्या फाइली सही आणि निम्मे पैसे आल्यावर. गाण्याचं पक्कं नाव आणि आयएसआरसी क्रमांक नंतर मागून त्याच पानावर लिहून ठेवायचे, हा टप्पा हमखास राहतो आणि त्याच्याशिवाय बाकीचं पान निरुपयोगी ठरतं.

या पानावर हल्ली आणखी एक ओळ लागते. आजकालच्या करारांत ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी, ज्ञात व अज्ञात तंत्रांसह’ असं एक वाक्य असतं. वेगळ्या ट्रॅकवर दिलेली कोरी गिटार ही सॅम्पलच्या पॅकसाठी आणि यंत्राला वाजवायला शिकवण्यासाठी सर्वांत सोयीचा माल आहे. मिक्स झालेल्या गाण्यातून ती इतकी स्वच्छ निघत नाही. म्हणून ‘हे ट्रॅक केवळ याच गाण्यासाठी, सुटे करून विकण्यास, दुसऱ्या गाण्यात वापरण्यास किंवा यंत्रप्रशिक्षणास वेगळी लेखी परवानगी आणि वेगळं मानधन लागेल’ हे वाक्य सहीच्या वर घालावं, आणि निर्मात्याने ते खोडलं तर खोडल्याच्या जागी त्याची आद्याक्षरं घ्यावीत.